अहवालाची प्रिंट नवव्या पानाला अडकलीय, क्यूमधनं डिलीट पण होईना

दूधसंस्था_करवीर:
नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेत मी सचिव आहे. 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची असते, नोटीस पुरे 14 दिवस आधी द्यावी लागते, म्हणून अहवाल उद्या सकाळच्या संकलनालाच वाटायचा ठरलंय. 24 पानांची वर्डची फाईल आहे, विंडोज 10, लेझर प्रिंटर, यूएसबीची वायर. काल रात्री प्रिंट दिली तर 8 पानं आली आणि थांबली, दिवा नुसता लुकलुकतोय. क्यूमध्ये जाऊन कॅन्सल केलं तर तिथं "डिलीटिंग" एवढंच दिसतंय, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, प्रिंटरची वायर काढून घातली, तरी ते तिथंच, आणि आता साधी दूध बिलाची पावती पण निघंना झालीय. काय करू सांगा की, लई घाईत आहे.

पेठेतला_टायपिस्ट:
दादा, कॉम्प्युटर बंद करून ते जात नाही, कारण प्रिंटला पाठवलेलं सगळं आधी हार्डडिस्कवर लिहून ठेवलेलं असतं आणि मशीन चालू झालं की तेच परत पुढं ढकललं जातं. पुढचं काम मागं थांबलंय ते त्यामुळंच. आधी प्रिंटर बटणानं बंद करा. मग विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, सर्व्हिसेस डॉट एमएससी टाईप करा, यादीत प्रिंट स्पूलर शोधा आणि राईट क्लिक करून स्टॉप. आता सी ड्राईव्ह, विंडोज, सिस्टीम 32, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरात जा, परवानगी मागंल ती द्या, आतल्या फाईली तेवढ्या उडवा, फोल्डर उडवू नका. मग स्पूलर परत स्टार्ट, प्रिंटर चालू, आणि लगेच अहवाल देऊ नका, आधी टेस्ट पेज काढा.

शिरोली_नाका:
माझ्याकडं असंच झालेलं, शेवटी विंडोज नवीन मारलं. ड्रायव्हर गेला असणार.

पेठेतला_टायपिस्ट:
आज विंडोजला हात लावू नका हो. संस्थेचा सगळा हिशोब त्याच मशीनवर असणार, सभेच्या तोंडावर तो गेला म्हणजे काय करायचं? आणि 8 पानं व्यवस्थित आलीत म्हणजे ड्रायव्हर, वायर दोन्ही चालू आहे.

दूधसंस्था_करवीर:
आभारी आहे, फोल्डरात 5 फाईली होत्या, त्या उडवल्या, टेस्ट पेज आलं, पावती पण आली. जीव भांड्यात पडला म्हणतोय तोवर अहवाल दिला तर परत 8 पानांवर थांबला.

रंकाळ्याची_मीनाताई:
म्हणजे प्रिंटर बरा आहे, दुखणं फाईलीत आहे. परत स्पूलर साफ करा, मग प्रिंटच्या खिडकीत पानं 10 ते 24 एवढीच द्या. ती आली तर नवव्या पानावर काय आहे ते इथं सांगा.

दूधसंस्था_करवीर:
ताई 10 ते 24 सगळी आली! नवव्या पानावर श्रद्धांजली आहे, वर्षभरात वारलेल्या 11 सभासदांचे फोटो. घरच्यांनी जे होतं ते दिलं, बरेच फोटो लग्नातल्या मोठ्या ग्रुप फोटोतनं कापून लावलेत.

रंकाळ्याची_मीनाताई:
तेच ते. वर्डमध्ये फोटो क्रॉप केला तरी कापलेला भाग आत तसाच राहतो, दिसत नाही एवढंच. म्हणजे 11 चेहऱ्यांच्या मागं 11 लग्नं बसलीत आणि जुन्या लेझर प्रिंटरला मेमरी थोडी, ते पान त्याला पेलत नाही. एका फोटोवर क्लिक करा, वर पिक्चर फॉरमॅटमध्ये कॉम्प्रेस पिक्चर्स, त्यात "फक्त हाच फोटो" वरची खूण काढा, कापलेला भाग डिलीट करायच्या पर्यायावर खूण ठेवा, 150 पीपीआय निवडा. आधी फाईलीची एक कॉपी मात्र ठेवा, कारण कापलेलं मग परत येत नाही आणि त्या माणसांचे तेवढेच फोटो असतील. एवढं करून पण नाही आलं तर पीडीएफ करून ॲडोब रीडरमधनं काढा, ॲडव्हान्स्डमध्ये प्रिंट ॲज इमेज असतंय त्यावर खूण करून.

पेठेतला_टायपिस्ट:
ताईंचं बरोबर आहे. आणि झेरॉक्सला पेन ड्राईव्हवर द्यायचं झालं तर पीडीएफच द्या, अहवाल श्रीलिपीत असला आणि त्यांच्याकडं तो फॉन्ट नसला तर सगळी अक्षरं चिन्हं होऊन येतात.

दूधसंस्था_करवीर:
आलं ताई. फाईल 96 एमबीची होती ती 7 वर आली, नववं पान पहिल्या झटक्यात निघालं. सगळे चेहरे स्पष्ट आलेत. आमच्या जुन्या चेअरमन आण्णांचा फोटो त्यात आहे, ते पान सोडून अहवाल वाटायची वेळ आली असती तर त्यांच्या घरी तोंड दाखवता आलं नसतं. आता 240 प्रती झेरॉक्सला चाललोय, पीडीएफच नेतोय.