डबे वेगळ्या टेबलांवर

दोन कंपन्या विलीन झाल्यावर एचआरने दोन वर्कशॉप घेतली की दोन्हीकडची माणसं एक होतात, हे तुमचं म्हणणं काही पटलं नाही. आमची अंधेरीतली छोटी कंपनी एका मोठीने घेतली, तेव्हा आम्हालाही लोणावळ्याला नेऊन रस्सीखेच खेळायला लावलं होतं. (जिंकलो आम्हीच. उपयोग शून्य.) खरी खेच सोमवारी सुरू झाली. आमच्यात बॉसलाही अरे-तुरे, त्यांच्यात ‘सर’शिवाय बात नाही. काम अडलं की आम्ही उठून समोरच्याच्या टेबलाशी जायचो. ते मेल टाकायचे, तोही चौघांना सीसीत ठेवून. आम्हाला ती चुगली वाटायची, त्यांना आमचं तोंडी काम गबाळं. थोडं खरं दोघांचंही होतं म्हणा. सहा महिने कॅन्टीनमध्ये डबे वेगळ्या टेबलांवर उघडत होते. ग्रेड आणि सीनिऑरिटीचा घोळ मिटला, मग कुठे टेबलं जवळ आली.

बँकांचंच बघा. मुंबईची देना आणि बेंगळुरूची विजया १ एप्रिल २०१९ला बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. पण देनाच्या सगळ्या शाखांची संगणकप्रणाली जोडून व्हायला डिसेंबर २०२० उजाडला. यंत्रांना एवढा वेळ, तर माणसांना दोन वर्कशॉप?

बाकी तुमच्याकडे जुन्या कंपनीतली नोकरीची वर्षं नव्या सीनिऑरिटीत धरली का? आमच्याकडे सगळं घोडं तिथेच अडलं होतं.