पाकिटावर ‘बुरशीयुक्त बी’ असं लिहिलंय, पण गवत बिनबुरशीच्या गवताइतकंच वाढतंय. असं का?

तृणांकुर

नमस्कार. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी टॉल फेस्क्यू गवताच्या ४० कुंड्या लावल्या आहेत. २० कुंड्यांत एपिक्लोई ही अंतर्वासी, म्हणजे गवताच्या आतच राहणारी, बुरशी असलेलं बी आहे आणि २० कुंड्यांत बिनबुरशीचं. माती एकच, पाणी मोजून घालते, कुंड्यांच्या जागा दर आठवड्याला फिरवते. दर रविवारी एकेका कुंडीसमोर बसून फुटवे (बुंध्यातून फुटणारे नवे कोंब) मोजते आणि वहीत लिहिते. दहा आठवडे झाले आणि दोन्ही गटांची सरासरी ११ च्या आसपासच आहे. पानांच्या लांबीतही फरक नाही.

बुरशीमुळे फुटवे वाढतात, मुळं सुधारतात असं वाचूनच हा विषय घेतला होता. आता वही उघडायलाही नको वाटतं. बी तीन वर्षांपूर्वीचं आहे, विभागाच्या कपाटातल्या डब्यात होतं. उगवण मात्र छान झाली, शंभरात नव्वद. माझं नेमकं कुठे चुकतंय?

बीजपारखी

‘कपाटातल्या डब्यात’ वाचलं आणि तिथेच थांबले. मी बरीच वर्षं बियाणं तपासणीचं काम करते, आणि हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

तुमच्या गवतातली ही बुरशी बियातूनच पुढच्या पिढीत जाते, एका रोपावरून शेजारच्या रोपावर उडी मारत नाही. साठवणीत बियाच्या आधी ती मरते. जागा उबदार आणि दमट असेल तर बी जिवंत राहतं, उगवतंही, पण आतली बुरशी संपलेली असते. थंड आणि कोरड्या जागी ती कितीतरी जास्त टिकते. म्हणजे तुमची नव्वद टक्के उगवण बियाबद्दल सांगते, बुरशीबद्दल काहीच नाही. पाकिटावरचा मजकूर बी भरलं त्या वेळचा असतो.

आधी एकेक रोप तपासा. बुंध्याजवळचा बाहेरचा, पण अजून हिरवा असलेला पर्णकोष, म्हणजे पानाचा खोडाला वेढणारा भाग, काढा. त्याच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा बारीक चिमट्याने ओढून घ्या. काचपट्टीवर ॲनिलिन ब्लू आणि लॅक्टिक ॲसिडच्या थेंबात ठेवा, किंचित गरम करा, कव्हर स्लिप ठेवा आणि ४०० पट मोठं करून बघा. लांब पेशींच्या रांगांमधून, पेशींना समांतर, थोडे नागमोडी निळे तंतू दिसले तर बुरशी आहे. फाटे जवळपास नसतात. भरपूर फांद्या फुटलेलं जाळं दिसलं तर ती दुसरीच कुठलीतरी बुरशी समजा. पहिले दहा पापुद्रे फाटतील, अकरावा निघेल.

मुळाशी

ताईंनी सांगितलेलं आधी कराच. पण बुरशी जिवंत निघाली तरी भरपूर पाणी आणि पोसलेल्या मातीत मोठा फरक दिसेलच, असं धरून चालू नका.

ही बुरशी म्हणजे खत नव्हे. ती पेशींच्या आत शिरत नाही, पेशींच्या मधल्या जागेत राहते आणि तिथून मिळणाऱ्या साखरेवर जगते. बुरशीचे तंतू एरवी टोकाकडून वाढतात. इथे वाढत्या पानातले तंतू आजूबाजूच्या पेशी ताणल्या जातील तसे आपल्या लांबीभर ताणून वाढतात, आणि पान वाढायचं थांबलं की तेही थांबतात. २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. रायग्रास या दुसऱ्या गवतातल्या एपिक्लोईचं एकच जनुक बंद केलं, जे प्राणवायूची क्रियाशील रूपं तयार करण्याशी संबंधित आहे. त्या बुरशीच्या वाढीला सुमार राहिला नाही, गवत खुजं झालं आणि शेवटी मेलं. तोपर्यंतचा सोबती एका जनुकाने रोग झाला. मला या साऱ्या विषयात हेच सगळ्यात विलक्षण वाटतं.

आता फायदा कधी दिसतो? पाणी तुटल्यावर, किडी आल्यावर. फॉस्फरस कमी असलेल्या मातीत बुरशीवाल्या फेस्क्यूची मुळं बारीक आणि त्यांवरचे केस लांब झालेले आढळले आहेत. उलट पोषण फारच तुटपुंजं असेल तर कोवळ्या रोपाला बुरशी पोसण्याचाच भार होऊ शकतो. तिची अल्कलॉइड्स, म्हणजे किडींना आणि जनावरांना बाधणारी रसायनं, बनवायला नायट्रोजन लागतो, तो रोपाच्याच वाट्यातून जातो.

टॉल फेस्क्यूची गोष्ट तर कुरणांवरच घडली. अमेरिकेत १९३१ मध्ये केंटकीतल्या एका डोंगरउतारावर सापडलेलं हे गवत १९४३ मध्ये ‘केंटकी ३१’ नावाने आलं आणि दणकट म्हणून सगळीकडे पसरलं. पण त्यावर चरणारी गुरं उन्हाळ्यात धापा टाकायची, थंडीत काहींचे खूर आणि शेपटीची टोकं सडायची. १९७७ मध्ये त्याचा संबंध या बुरशीशी लावला गेला. मग बुरशी काढलेल्या जाती आल्या, गुरं सुधारली, पण दुष्काळ आणि चराई सोसणारा चिवटपणा गेला आणि कुरणं विरळ व्हायला लागली. शेवटी गुरांना त्रास देणारं अल्कलॉइड न बनवणारे बुरशीचे प्रकार शोधून गवतात घालावे लागले. तुमच्या कुंड्यांत ना दुष्काळ, ना कीड, ना चराई. मग बुरशी आपलं काम दाखवणार कधी?

तृणांकुर

चार दिवस पापुद्रेच काढत होते. ‘बुरशीवाल्या’ २० पैकी फक्त ६ कुंड्यांत तंतू सापडले! पहिला दिसला तेव्हा मी श्वास रोखून धरला होता. पेशींच्या सरळ भिंतींमधून निळी, किंचित लहरती रेघ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न तुटता. तिच्या शेजारून दुसरी गेली होती, पण दोघी कुठेच एकमेकींना मिळाल्या नव्हत्या.

म्हणजे दहा आठवडे मी बिनबुरशीच्या गवताची बिनबुरशीच्या गवताशी तुलना करत होते. आता या ६ विरुद्ध उरलेल्या ३४ अशी मांडणी करून पाणी तोडलं तर चालेल का?

बीजपारखी

नको. प्रत्येक बी वंशाने वेगळं आहे. दिसणारा फरक बुरशीचा की रोपाच्या वाणाचा, हे कधीच सांगता येणार नाही. त्या ६ रोपांचे फुटवे सुटे करा. प्रत्येक रोपाच्या निम्म्या फुटव्यांना आंतरप्रवाही (रोपाच्या आत भिनणारं) बुरशीनाशक द्या आणि निम्मे तसेच ठेवा. मग वाट बघा, कारण औषधाचा स्वतःचाही वाढीवर परिणाम होतो. नवे फुटवे येऊ द्या, त्यांतून पुन्हा फुटवे वेगळे करा, आणि दोन्ही बाजूंचा पर्णकोष तपासल्याशिवाय एकही आकडा लिहू नका. एकाच रोपाची बुरशीसह आणि बुरशीविना अशी जोडी मिळाली की मग पाणी तोडा.

तृणांकुर

मार्गदर्शकांशी बोलले, त्यांनी दोन महिने वाढवून दिले. उरलेलं बी कपाटातून काढून हवाबंद डब्यात, सिलिका जेलसकट, फ्रीजमध्ये ठेवलंय. आज तीन नंबरच्या कुंडीतून पहिले आठ फुटवे सुटे केले. चार औषधाचे, चार तसेच.