शब्दचर्चा: लोहाचे नॅनोकण पाण्यातलं आर्सेनिक 'नष्ट' करतात का?

प्रश्न

आर्सेनिकयुक्त पाणी शुद्ध करण्याच्या पद्धतींवरची एक पुस्तिका मराठीत आणते आहे. त्यात मी लिहिलंय, 'लोखंडाचे सूक्ष्मकण पाण्यातील प्रदूषके नष्ट करतात.' वाक्य सुटसुटीत आहे, पण संपादकांनी 'सूक्ष्मकण' आणि 'नष्ट' या दोन शब्दांखाली रेघ मारली आहे. जाणकारांनी पर्याय सुचवावेत.

उत्तर

संपादकांचं बरोबर आहे. मी तर 'लोखंड'खालीही रेघ मारली असती.

'सूक्ष्म' हा शब्द शास्त्रीय मराठीत मायक्रोच्या जागी बसलेला आहे. नॅनोसाठी 'अब्जांश' आहे, म्हणजे अब्जावा भाग. हे कण सहसा १०० नॅनोमीटरपेक्षा लहान असतात आणि सगळी करामत त्या आकाराचीच आहे. लोखंडाच्या साध्या दाण्यांना ग्रॅममागे एक चौरस मीटरही पृष्ठभाग मिळत नाही, अब्जांश कणांना साधारण ३० चौरस मीटर मिळतो. पुस्तिका सर्वांसाठी असेल तर 'नॅनोकण' लिहा, लोक तो शब्द ओळखतात. 'सूक्ष्मकण' मात्र नको.

आता क्रियापद. इथे जरा थांबायला हवं, कारण समोर कोणता पदार्थ आहे यावर क्रियापद ठरतं.

ट्रायक्लोरोएथिलीन घ्या. यंत्राच्या सुट्या भागांवरचं ग्रीस काढायला कारखान्यांत हे द्रावक वापरत आणि ते जमिनीत मुरून भूजलात उतरतं. लोखंड त्याला इलेक्ट्रॉन देतं, क्लोरीनचे अणू सुटतात आणि शेवटी एथिलीन, ईथेन असे साधे वायू उरतात. मूळ रेणू खरोखरच मोडतो. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ट्रेंटन इथे एका कारखान्याच्या आवारात थोडं पॅलेडियम (एक धातू) लावलेले असे सुमारे १.७ किलो लोहकण भूजलात सोडून हे प्रत्यक्ष पाहिलं गेलं. इथे 'नष्ट करतात' चालेल, 'विघटन करतात' जास्त नेमकं.

क्रोमियमचं तसं नाही. सहा संयुजेचं क्रोमियम पाण्यात विरघळलेलं राहतं, भूजलाबरोबर दूरवर जातं आणि विषारी असतं. लोखंड त्याचं क्षपण करून, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देऊन, त्याला तीन संयुजेवर आणतं. मग त्याचं हायड्रॉक्साइड बनून साका तळाशी बसतो. क्रोमियम तिथेच आहे, फक्त त्याचं रूप बदललं. म्हणून 'रूपांतर करतात'. शाळेतला 'क्षपण' हा शब्द इथे अगदी चपखल आहे, तो टाळू नका.

आर्सेनिक तर मूलद्रव्यच आहे. कोणत्याही रासायनिक क्रियेने ते नष्ट होत नाही. ते मुख्यतः कणावरच्या गंजासारख्या थराला, म्हणजे लोहाच्या ऑक्साइड-हायड्रॉक्साइडला, घट्ट चिकटतं. याला शब्द आहे 'अधिशोषण'. नुसतं 'शोषण' म्हटलं की स्पंजात पाणी शिरावं तसं आत मुरणं डोळ्यांपुढे येतं. इथे सगळं पृष्ठभागावर घडतं. बोलीत 'धरून ठेवतात' म्हणा, अर्थाला धक्का लागत नाही.

आणखी एक प्रतिसाद

'लोखंडा'वर रेघ का, ते वरच्या उत्तरात राहून गेलं. लोखंड म्हणजे धातू. ट्रायक्लोरोएथिलीन किंवा क्रोमियमसाठी वापरतात ते शून्य-संयुजी लोह हे धातुरूपच असतं, तिथे 'लोखंडाचे कण' शोभतं. पण आर्सेनिकसाठीची सगळीच माध्यमं, म्हणजे पाण्यातून आर्सेनिक धरून ठेवणारे पदार्थ, धातूची नसतात. आयआयटी मद्रासमध्ये प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाने विकसित केलेल्या 'अमृत' तंत्रज्ञानात कायटोसानच्या (कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळणाऱ्या पदार्थाच्या) जाळीत बसवलेलं लोहाचं ऑक्सिहायड्रॉक्साइड असतं. त्याला लोखंड म्हणणं म्हणजे गंजाला लोखंड म्हणणं. 'लोहाचे कण' दोन्हीकडे चालतं.

'प्रदूषके'बद्दलही बोलायला हवं. प्रदूषण म्हटलं की ते कोणीतरी केलं असा अर्थ येतो. कारखान्याच्या क्रोमियमला ते लागू आहे. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशातलं आर्सेनिक मात्र गाळाच्या थरांतून नैसर्गिकरीत्या पाण्यात उतरतं. तिथे 'दूषितके' किंवा सरळ 'घातक घटक' लिहावं. आर्सेनिकसाठी 'सोमल' लिहिण्याचा मोह होईल, पण सोमल म्हणजे मुख्यतः आर्सेनिकचं पांढरं ऑक्साइड. पुस्तिकेत 'आर्सेनिक'च राहू दे.

प्रश्नकर्तीकडून

दोघांचे मनापासून आभार. वाक्य असं बदललं आहे: 'लोहाचे नॅनोकण पाण्यातील आर्सेनिक आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतात.' पुढच्याच ओळीत 'त्यामुळे ते कायमचे बंदिस्त होते' असं आहे. ते ठेवू का?

उत्तर

कृपा करून काढा. 'कायमचे' हा शब्द इथे धोक्याचा आहे. गंगेच्या त्रिभुज प्रदेशातल्या गाळात आर्सेनिक मुळात लोहाच्या ऑक्साइडांनाच चिकटलेलं होतं. जमिनीखाली ऑक्सिजन संपला, जिवाणूंनी त्या लोहाचं क्षपण केलं, लोह विरघळलं आणि धरलेलं आर्सेनिक सुटून पाण्यात आलं. तेच पाणी कूपनलिकांतून वर आलं. वापरून झालेलं माध्यम कोणी खड्ड्यात पुरलं किंवा तळ्याच्या चिखलात फेकलं, तर तिथेही असंच घडू शकतं.

पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे, त्यामुळे अगदी थोडं सुटलं तरी ती ओलांडली जाऊ शकते. म्हणून 'बंदिस्त'ऐवजी असं लिहा: 'आर्सेनिक पाण्यातून या माध्यमात येते. वापरून झालेले माध्यम विषारी कचरा समजावे. ते उघड्यावर टाकू नये, पुरू नये, ते गोळा करणाऱ्या यंत्रणेकडेच द्यावे.' आणि हे तळटिपेत नको, त्या वाक्याला लागूनच यायला हवं.