व्हॉलीबॉल: सर्व्हिस नेटला लागून पलीकडे पडली, पॉइंट कुणाचा?

जुळेसोलापूरकर: काल संध्याकाळी आमच्या कॉलनीच्या ग्राउंडवर २३-२३ असताना माझी सर्व्हिस नेटच्या पट्टीला घासून पलीकडे पडली. समोरचे काका म्हणाले फाउल. वाद इतका वाढला की मॅच तिथंच सुटली. शिवाय ब्लॉकला, म्हणजे नेटपाशी हात वर करून अडवताना, लागलेला टच तीन टचमध्ये धरायचा का?

जुना_शूटर: पॉइंट तुझाच. काका चुकले नाहीत बे, जुने आहेत! आमच्या वेळी नेटला लागलेली सर्व्हिस गेलीच समजायची. २००० च्या सुमारास नियम बदलला. तेव्हा गेम १५ चा, अन् सर्व्हिस ज्याची त्यालाच पॉइंट. एकेक गेम अंधार पडेपर्यंत चालायचा. आता २५, दोनचा फरक हवा. मी मूळचा शूटिंग व्हॉलीबॉलवाला (हात जुळवून बॉल मारायचा गावाकडचा प्रकार), अक्कलकोटकडच्या गावातला. पासिंगला, म्हणजे या नेहमीच्या व्हॉलीबॉलला, आलो तेव्हा बोटांनी बॉल उचलायलाच वर्ष गेलं.

ब्लॉकचा टच मोजत नाहीत. त्यानंतर तीन मिळतात, आणि पहिला टच ब्लॉक करणाऱ्यानंच केला तरी चालतो.

नेटपाशी: गंमत म्हणजे हा खेळ निघाला तो वयस्क मंडळींसाठीच. १८९५, अमेरिकेतलं होलिओक, वायएमसीए या ख्रिश्चन युवक संस्थेचे विल्यम मॉर्गन. बास्केटबॉल झेपेना म्हणून. नाव ‘मिंटोनेट’, नेट साडेसहा फूट. आता पुरुषांचं २.४३ मीटर.

जुळेसोलापूरकर: आभारी आहे काका. आमचं नेट मधे इतकं लोंबतंय की साडेसहाच असेल. आज टेप घेऊन जातो.