पताका हव्यात, पण रंगांचे तक्ते बंद करा

वेदीमागची_भिंत
ख्रिस्ती उपासनेत पताका असाव्यात आणि त्यांचा रंग मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) वर्षाप्रमाणे बदलावा, असं माझं ठाम मत आहे. आगमनकाळात (नाताळाआधीचे आठवडे) आणि उपवासकाळात (ईस्टरआधीचे आठवडे) जांभळा, नाताळात आणि पुनरुत्थानकाळात, म्हणजे ईस्टरला, पांढरा किंवा सोनेरी, पन्नासाव्या दिवशी (पवित्र आत्मा उतरल्याचा सण) लाल, उरलेल्या सामान्य काळात हिरवा. पण हल्ली जे तक्ते फिरतात, ज्यांत चंदेरी म्हणजे तारण, फिरोजी म्हणजे आरोग्य असा प्रत्येक छटेला एक अर्थ चिकटवलेला असतो, ते थांबले पाहिजेत. पवित्र शास्त्रात (बायबलमध्ये) रंगाचा अर्थ असा खिळलेला नाही. योहान 19:2 मध्ये शिपाई येशूला थट्टेने जांभळं वस्त्र घालतात, मत्तय 27:28 मध्ये तेच वस्त्र किरमिजी आहे, आणि प्रकटीकरण 17:4 मध्ये हे दोन्ही रंग मोठ्या कलावंतिणीच्या, म्हणजे वेश्येच्या, अंगावर आहेत. मग जांभळा म्हणजे राजेपण, एवढंच शिकवून कसं चालेल?

साधी_भिंत
तुमचं वर्षचक्र हाही एक तक्ताच आहे, फक्त जुना. रंगांची ठरलेली पद्धत आपल्याला पहिल्यांदा नीट दिसते ती पुढे पोप झालेल्या तिसऱ्या इनोसंटच्या लेखनात, बाराव्या शतकाच्या अखेरीस. त्यात पांढरा, लाल, हिरवा आणि काळा असे चार रंग मुख्य, आणि जांभळा काळ्याच्या जागी चालणारा. रोमन कॅथलिक मंडळीसाठी ती 1570 च्या मिस्सा-ग्रंथाने, म्हणजे उपासनाविधीच्या पुस्तकाने, पक्की झाली. म्हणजे हजाराहून अधिक वर्षं मंडळीने अशा ठरलेल्या रंगांशिवाय उपासना केली आणि तिचं काही अडलं नाही.

पताकेचा आधार म्हणून निर्गम 17:15 पुढे केलं जातं: याव्हे-निस्सी, परमेश्वर माझा ध्वज. त्यातला ‘नेस’ हाच हिब्रू शब्द गणना 21:8 मध्ये पितळी साप ज्यावर लावला त्या खांबासाठी आहे. त्या सापाचं पुढे काय झालं ते 2 राजे 18:4 मध्ये वाचा. लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले आणि हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले. देवाने स्वतः करायला सांगितलेल्या वस्तूची ही गत झाली, तर आपण मनाने टांगलेल्या कापडाबद्दल किती सावध असायला हवं!

वर्षचक्र
दोन तक्त्यांत फरक आहे, साधी_भिंत. एक सगळ्या मंडळीला माहीत असतो आणि दरवर्षी परत येतो. दुसरा पताका धरणाऱ्यालाच ठाऊक असतो. रंगाला अर्थ येतो तो पुनरावृत्तीने. गुलाबी पाहा. आगमनकाळाचा तिसरा आणि उपवासकाळाचा चौथा, असे वर्षात दोनच रविवार तो वापरता येतो. जांभळ्याच्या मधोमध येतो म्हणूनच तो ‘आनंद करा’ असं बोलतो. दर आठवड्याला फडकवला तर मुका होईल.

मूळ मांडणीत मात्र दुरुस्ती हवी. आगमनकाळ आणि उपवासकाळ यांना एकच जांभळी पताका नको. पहिल्यात वाट पाहणं आहे, दुसऱ्यात पश्चात्ताप. काही लुथरन आणि अँग्लिकन मंडळ्या आगमनकाळात निळा वापरतात तो याचसाठी. रोमन विधीत झावळ्यांचा रविवार आणि उत्तम शुक्रवार लाल असतात. विसाव्या शतकातल्या सुधारणेपूर्वी उत्तम शुक्रवारी काळा होता. पवित्र गुरुवारी (उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी) वेदीवरची कापडं काढून ती उघडी केली की पताकाही उतरवा, नाहीतर उघड्या वेदीचा अर्थच जातो. आणि हिरव्या दोन तरी करा. सामान्य काळ 33 किंवा 34 आठवड्यांचा असतो. एकच पताका इतके दिवस राहिली की कुणाला दिसेनाशी होते.

फडकती_पताका
तुम्ही सगळे भिंतीवरच्या कापडाबद्दल बोलताय. स्तोत्र 20:5 म्हणतं, ‘आमच्या देवाच्या नावाने आमच्या ध्वजा उभारू.’ उभारणं ही कृती आहे, सजावट नव्हे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना गीताचा चढउतार हलत्या पताकेतून कळतो. गणना 2:2 मध्ये तर प्रत्येकाने आपापल्या ध्वजाजवळ तळ द्यायचा आहे. तक्ता हे नवख्या माणसाच्या हातातलं साधन आहे; तो काढून घेतलात तर तो रंग कशावरून निवडणार?

साधी_भिंत
गणना 2:2 मध्ये ध्वज आहेत, रंग नाहीत. ते नंतरच्या यहुदी परंपरेने महायाजकाच्या उरपटातल्या (छातीवरच्या पट्टीतल्या) रत्नांवरून जोडले. बहिऱ्यांचा मुद्दा मला पटतो, पण त्यासाठी आधी खुणांच्या भाषेत दुभाषा उभा करा. पताका त्याची जागा घेऊ शकत नाही.

उरेब_आणि_नेफा
अर्थावर इतका वाद चाललाय, पण मागच्या बाकावरून रंग दिसतो का? पिवळट दिव्याखाली जांभळा तपकिरी वाटतो, गडद निळा काळा वाटतो. कापड घेण्याआधी 30 सेंमीचा तुकडा पताकेच्याच उंचीवर लावून संध्याकाळी, दिवे चालू ठेवून पाहा. मग कृष्णधवल फोटो काढा. लालवर हिरवं चिन्ह त्यात विरघळून गेलं, तर ज्यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही त्यांनाही ते दिसणार नाही.

पताका 90 × 240 सेंमी हवी असेल तर कापड 95 × 251 कापा: दोन्ही बाजूंना अडीच, वरच्या 25 मिमी दांडीच्या नेफ्याला साडेसहा, खालच्या 12 मिमी दांडीला साडेचार. उभा धागा लांबीतच ठेवा. उरेब (तिरपं) कापलंत तर महिन्याभरात एक कोपरा खाली येईल. खालचा नेफा लगेच शिवू नका; दोन दिवस टांगून कापड ओघळू द्या, मग कड सरळ करा. अस्तर खालून मोकळं आणि 1 सेंमी आखूड सोडा, कारण दोन कापडं सारखी आटत नाहीत आणि शिवलेल्या कडेला चुण्या पडतात. इस्त्रीने चिकटवलेलं चिन्ह नुसतं तसंच ठेवू नका. दिव्याच्या उष्णतेने कोपरे सुटतात, म्हणून कडेने झिगझॅग टाका हवाच.

आणि वचन लिहिण्याचा मोह आवरा. दर 3 मीटर अंतराला अडीच सेंमी धरलं तर 18 मीटरच्या सभागृहात अक्षराचं अंग 15 सेंमी लागतं, वेलांट्या-उकार धरून ओळ 28–30 ची होते. 90 सेंमीत पाच अक्षरं जेमतेम बसतात.

फडकती_पताका, 1 मीटर काठी आणि पसरलेला हात मिळून पावणेदोन मीटरपर्यंत पल्ला जातो. तेवढी जागा चारही बाजूंनी मोकळी नसेल, किंवा वर पंखा चालू असेल, तर पताका खालीच ठेवा. मेणबत्तीजवळ तर आणूच नका; पॉलिएस्टर वितळून अंगाला चिकटतं.

वेदीमागची_भिंत
आगमनकाळासाठी निळा आणि पवित्र गुरुवारी पताका उतरवणं, दोन्ही मान्य. अक्षरांचाही आग्रह सोडतो, चिन्ह एकच ठेवू. तक्त्यांबद्दल मात्र माझं मत तेच आहे: नवख्याने रंग त्या दिवसाच्या वाचनावरून निवडावा. पन्नासाव्या दिवशी प्रेषितांची कृत्ये 2:3 मधल्या अग्नीच्या जिभा वाचल्या, तर लाल का हे सांगायला तक्ता लागत नाही.

साधी_भिंत
मग वाचनच पुरे आहे. मी भिंत साधीच ठेवेन.