डोक्याला मार, पण "पोरगा तर ठणठणीत दिसतो" म्हणतात. सही करावी का?

रावेरवाला:
मंडळी, माझा लहान भाऊ सावद्याहून केळीची गाडी चालवायचा. चार महिन्यांपूर्वी फैजपूरकडे त्याच्या मोटरसायकलला मागून पिकअपनं उडवलं, मेंदूत रक्तस्राव, ऑपरेशन झालं. आता चालतो-फिरतो, जेवतो, पण सांगितलेलं पाच मिनिटात विसरतो, उगाच अंगावर धावून येतो, स्टेअरिंगवर बसवायची तर हिंमतच होत नाही. एफआयआर आहे. समोरच्या पार्टीचा माणूस म्हणतो दवाखान्याचा खर्च घ्या आन् कोऱ्या कागदावर त्याची सही द्या. काय करू भो?

तापीकाठ:
सही अजिबात नको! १ एप्रिल २०२२ पासून भरपाईच्या क्लेमला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, तुमचे चार गेले. दावा तुम्ही राहता तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही टाकता येतो, लांब जायची गरज नाही.

जळगावची_वकील:
दादा, हातपाय शाबूत म्हणजे नुकसान नाही, असं नसतं. सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमारमध्ये सांगितलंय की शरीराचे टक्के वेगळे आणि कमाई किती बुडाली ते वेगळं, डावा हात गेला तर ड्रायव्हरचं जवळपास सगळंच जातं, सरकारी क्लार्कची नोकरी टिकू शकते. भाऊ ड्रायव्हर आहे, हाच तुमचा मुद्दा. नुसत्या सीटी स्कॅनवर थांबू नका, स्मरणशक्ती आणि वागण्याची तपासणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून करून घ्या, दाखला देणारा डॉक्टर साक्षीला यायला हवा. त्याला व्यवहार समजत नसेल तर दावा घरच्यांपैकी कुणीतरी वादमित्र म्हणून, म्हणजे त्याच्या वतीनं, चालवतात. अशा माणसाची कोऱ्या कागदावर सही मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

चाळीसगाव_एक्सप्रेस:
आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगाचं सरकारी ओळखपत्र, काढा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत पण डोक्याची दुखापत वेगळी लिहिलेली नाही, म्हणून परिणाम काय झाला त्यावर दाखला मागायचा. आमच्याकडे एक वकील मिळणाऱ्या रकमेत टक्का मागत होता, तसं बार कौन्सिलच्या नियमात बसतच नाही. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, दिव्यांगाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००.

रावेरवाला:
ताई, पण तो डॉक्टरकडे यायलाच तयार नाही, "मला काय झालंय" म्हणून भांडतो.

जळगावची_वकील:
आपल्यात बदल झालाय हे न कळणं हेसुद्धा मेंदूच्या दुखापतीत होतं. डॉक्टरांना सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या.