अन्नच नको असेल, तर औषध अन्नातून कसे जाणार?
आजारी मांजराला औषध देण्यासाठी गोळीची पूड करून खाण्यात मिसळावी, असे आपण सुचवले आहे. परंतु जे मांजर अन्नाला तोंडच लावत नाही, त्याच्या बाबतीत हा मार्ग खुंटतो, शिवाय कडू चवीमुळे ते त्या खाण्याचा कायमचा धसका घेऊ शकते. त्यापेक्षा पातळ औषध बिनसुईच्या सिरिंजने, डोके मागे न झुकवता, गालाच्या बाजूने थोडे थोडे सोडावे. गोळीच द्यावी लागली, तर मागोमाग ५-६ मिलि पाणी अवश्य पाजावे, कारण कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकू शकते आणि डॉक्सिसायक्लिनसारखे औषध तिथे जखम करते. माणसांचे पॅरासिटामॉल मात्र कृपया चुकूनही देऊ नये; मांजरासाठी ते विष आहे. उपास दुसऱ्या दिवसावर गेला, तर पशुवैद्यांकडे न्यावेच, कारण उपाशी, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते.